तिसरं प्रूफ

अत्तारांचं पत्र श्रावणात आलं होतं, आणि दसरा होऊन गेला तरी दिगंबर माईणकरांनी त्याला उत्तर पाठवलं नव्हतं.

पत्र त्यांनी शब्दकोशात ठेवलं होतं. दुपारी बायको, उज्ज्वला, आडवी झाली की ते काढायचे, वाचायचे आणि पुन्हा तिथेच ठेवायचे. या काळात कागदावर पत्र लिहितं कोण? पोस्टमननंसुद्धा ते देताना उलटंपालटं करून पाहिलं होतं. पण अत्तारांचा जन्म अक्षरं जुळवण्यात गेला होता. पडद्यावर बोट फिरवणं त्यांना कधी रुचलं नाही. त्यांचं लिहिणंही छपाईचे शिशाचे खिळे जुळवल्यासारखं होतं, एकेक अक्षर सुटं, शेजारच्याला न टेकता उभं.

‘माईणकरमास्तर, सलाम. तुमच्यासारखाच झटका मलाही आला. समजतं सगळं, लिहिता येतं, बोलता येत नाही. सूनबाई म्हणते, तुम्हाला बोलतं करणारं यंत्र बसवलंय. इथले डॉक्टर मलाही बसवू म्हणतात. दिवाळीच्या आत ठरवा म्हणतात. नंतर मेंदू बोलायचं विसरत जातो आणि यंत्राला वाचायला काही उरत नाही. पोरं मागे लागलीत. मला भीती वाटते. त्यातून जे बाहेर येतं ते आपलंच बोलणं असतं का? तुम्ही हो म्हणाल तर हो, नाही म्हणाल तर नाही. गुलाब अत्तार, सोलापूर.’

सांगलीच्या एका छापखान्यात दोघांनी उभं आयुष्य काढलं होतं. अत्तार जुळवायचे, माईणकर मुद्रितं, म्हणजे प्रूफं, तपासायचे. पुढे खिळे गेले, संगणक आले, पण माणसं तीच राहिली. माईणकरांच्या नजरेतून एखादी चूक सुटली तर अत्तार ती छपाईच्या आधी गुपचूप दुरुस्त करत, आणि मालकाला पत्ता लागू देत नसत. एकदा एका लग्नपत्रिकेत नवरदेवाच्या नावाजागी त्याच्या दिवंगत आजोबांचं नाव राहून गेलं होतं. ते अत्तारांनी पकडलं नसतं, तर माईणकरांची नोकरी त्याच दिवशी गेली असती.

अशा माणसानं आयुष्यात पहिल्यांदाच काहीतरी विचारलं होतं, आणि त्याचं खरं उत्तर माईणकरांना ठाऊक नव्हतं.

‘वाक्सेतू’ असं त्या यंत्राचं नाव होतं. आपण बोलतो तेव्हा मेंदूचा एक भाग जिभेला, ओठांना, घशाला हुकूम सोडतो. पक्षाघातानं माईणकरांच्या हुकमांची वाट तुटली होती. हुकूम देणारा मात्र शाबूत होता. त्या भागावर शल्यवैद्यांनी कांद्याच्या पापुद्र्यासारखी एक पातळ जाळी अंथरली होती. बोलण्याचा बेत झाला की ती तो टिपायची आणि कानामागे लोहचुंबकानं चिकटणाऱ्या चकतीकडे धाडायची. चकतीतला इवलासा संगणक त्याचे शब्द करायचा, आणि शर्टाच्या कॉलरमधल्या बटणाएवढ्या स्पीकरमधून ते उमटायचे. आवाज माईणकरांचाच होता. पण या अबोल माणसाचा आवाज कुठे साठवलेलाच नव्हता. शेवटी मुलीच्या लग्नाच्या चित्रफितीत पाहुण्यांना ‘जेवून जा हं’ म्हणतानाचा तेवढा सापडला. त्यावरून बाकीचा घडवला. त्यामुळे त्यांचं प्रत्येक वाक्य थोडं आग्रहाचं वाटायचं.

तक्रार आवाजाची नव्हती, वेळेची होती. सुरुवातीला बेत आणि शब्द यांच्यात चहाच्या एका घोटाएवढं अंतर असे. आता अख्खा कप संपायचा.

रविवारी गार्गीचा नाशिकहून फोन आला. “बाबा, कसे आहात?” असं तिनं विचारलं. माईणकरांनी वाक्य आत सोडलं. गार्गी थोडी थांबली, मग आईशी बोलू लागली. गच्चीवरची टाकी फुटली, पाणी जिन्यावरून थेट खालच्यांच्या घरात शिरलं, त्यांच्या गाद्या भिजल्या, असं ती सांगत असताना कॉलरमधून प्रसन्न आवाज आला, “उत्तम. काळजी करण्यासारखं काही नाही.”

गार्गीचं सांगणं तिथेच तुटलं.

“बाबा,” गार्गी म्हणाली, “पुढच्या वेळी आदल्या दिवशीच बोलून ठेवा.”

उज्ज्वला हसली. माईणकरही ओठांच्या चालत्या बाजूनं हसले. पण त्यानंतर त्या फोनवर ते काही बोलले नाहीत. असं हल्ली वारंवार व्हायचं. बोलणं म्हणजे सुटलेल्या गाडीमागे धावणं झालं होतं. मग धावायचंच कशाला?

उज्ज्वलाला हे सोसत नव्हतं. तिनं एसटीच्या आरक्षण खिडकीवर नोकरी केली होती. ‘पुढचं बोला’ हे तिच्या जिभेवरचं वाक्य. घरात तिला वाद घालायला, निदान हूं म्हणायला कुणीतरी हवं होतं.

“अहो, भाजी काय करू?” असं विचारून ती वाट बघायची, मग म्हणायची, “राहू दे, वांगी करते.” आणि वांगी फोडणीला पडल्यावर कॉलर म्हणायची, “भेंडी चालेल.”

मिरजेच्या इस्पितळातले डॉक्टर म्हणाले, यंत्र जुनं झालंय. दिवाळीच्या आधी चकतीसकट जाळी बदलून टाकू. वय बघता जोखीम आहे, आहे तेवढं बोलणंही जाऊ शकतं, पण दुसरा उपाय दिसत नाही. तारीख ठरली. त्या दुपारी माईणकरांनी डाव्या हातानं अत्तारांना लिहिलं, ‘बसवू नका.’ वाचलं, फाडलं. मग लिहिलं, ‘बसवा.’ तेही फाडलं. स्वतःलाच पुन्हा मेंदू उघडून द्यायचा होता. दुसऱ्याला कुठल्या तोंडानं सांगायचं?

शस्त्रक्रियेआधीची तपासणी पल्लवी शेटेकडे होती. वाक्सेतूंची देखभाल करणारी ही अभियंता तिशीतली, धिप्पाड आणि बोलकी होती. तिची खोली तळघरात, धुलाईखान्याला लागून होती.

“काका, चकती काढते हं. थोडा वेळ मुके व्हाल.”

“सवयीचं आहे,” उज्ज्वला म्हणाली. “मला.”

पल्लवीनं चकती एका तबकडीवर ठेवली आणि समोरच्या पडद्याकडे बघत राहिली. मग खुर्ची मागे सरकवून म्हणाली, “मावशी, यंत्र ठणठणीत आहे. जाळीही. हे म्हातारं झालेलं नाही, गांजलेलं आहे.”

“म्हणजे?”

“रात्री चकती काढून चार्जिंगला लावता ना? सकाळी कानामागे बसवली की ती नव्यानं सुरू होते. त्या वेळी तिच्यातल्या कुठल्या कुठल्या प्रोग्रॅमनी आपोआप उठायचं हे ठरलेलं असतं. घेताना त्यातला जवळजवळ प्रत्येक जण विचारतो, सुरुवातीलाच चालू होऊ का? आपण हो म्हणतो आणि विसरतो. ते दिवसभर आत बसून राहतात, काम असो वा नसो. आणि ही चकती कवटीला लागून आहे, तिला तापू देता येत नाही. गर्दी वाढली की ती तापू नये म्हणून स्वतःच मंद चालते. त्यात काकांचं वाक्य सगळ्यांत शेवटी.”

उज्ज्वलाच्या डोळ्यांत एकदम जुनी चमक आली. “पिशव्या,” ती म्हणाली.

“काय?”

“आमच्या डेपोत गणपतीच्या आधी लोक पहाटेच येऊन रांगेत पिशव्या ठेवून जायचे. माणूस एक, पिशव्या सात. खिडकी उघडली की खरा प्रवासी पार मागे. मी आधी पिशव्या उचलायला लावायची, मगच तिकीट. दाखव बघू तुझी रांग.”

पल्लवीनं यादी उघडली. ती संपायला बराच वेळ पडदा वर सरकत राहिला.

“हवामान?”

“खिडकी आहे घराला. बंद.”

“पावलं मोजणं?”

“घराबाहेर पडले तर मोजायची ना. बंद.”

“सणांच्या आपोआप शुभेच्छा?”

“म्हणजे मला पाडव्याला जे म्हणाले ते यंत्र म्हणालं? बंद कर आधी.”

माईणकर मान खाली घालून बसले होते. कानडी भाषांतराचं नाव आलं तसा त्यांनी हात वर केला. पल्लवीनं पाटी पुढे केली. त्यांनी डाव्या हातानं लिहिलं, ‘वॉर्डातल्या महादेवी सिस्टरांशी बोलण्यासाठी.’

“काढून टाकत नाही, काका. फक्त सकाळी उठवणार नाही. लागेल तेव्हा हाक मारा, येईल.”

हे त्यांना पटलं. उज्ज्वलाचा झपाटा मात्र आता आवरेना. ‘रक्षक’ असं मोघम नाव असलेल्या एका ओळीवर बोट ठेवून ती म्हणाली, “हा कोण ऐतखाऊ?”

“त्याला हात नको,” पल्लवीनं तिचं बोट हलकेच बाजूला केलं. “फिट येण्याची चिन्हं दिसली की तो आधी मला कळवतो. ज्याचं काम माहीत नाही, तो बंद करायचा नाही. आधी विचारायचं.”

“बरं बाई. वॉचमन राहू दे.”

रांग पातळ झाली, तरी पडद्याच्या कोपऱ्यातला ताणाचा काटा फारसा उतरला नाही. तळाशी तीन नावं उरली होती. शोधन एक, शोधन दोन, शोधन तीन. सगळी जागा तेच खात होते.

“हे आमचे नाहीत. कंपनीचेही नाहीत,” पल्लवी पुटपुटली. “कुणीतरी लेखनशुद्धीचा प्रोग्रॅम आणून त्याच्या तीन प्रती एकामागे एक लावल्यात. काकांचं वाक्य पहिल्यातून जातं, मग दुसऱ्यातून, मग तिसऱ्यातून. आणि तिसऱ्याला काही खटकलं तर…” ती थांबली. “पुन्हा पहिल्याकडे? असं कोण करतं?”

उज्ज्वलानं नवऱ्याकडे पाहिलं. माईणकरांचे कान लाल झाले होते. पाटीवर त्यांनी लिहिलं, ‘छापखान्याची रीत. तिसऱ्या प्रूफात चूक निघाली तर नवं प्रूफ काढून पहिल्यापासून वाचतात.’

“पुस्तकाची रीत बोलण्याला लावलीत?” पल्लवी हसू दाबत म्हणाली. “काका, काल एक वाक्य या तिघांतून अकरा वेळा फिरलंय. काय वाक्य होतं?”

त्यांनी लिहिलं, ‘भेंडी चालेल.’

पल्लवी खो खो हसली. उज्ज्वला हसली नाही. “का लावलंत हे?” तिनं विचारलं.

माईणकरांनी पाटीवर लेखणी टेकवली आणि तशीच ठेवली.

चार वर्षांपूर्वी, वाक्सेतू बसवल्यावर पहिल्यांदा घरी आले तेव्हा, बैठकीच्या खोलीत माणसं दाटली होती. सगळ्यांना त्यांचं पहिलं वाक्य ऐकायचं होतं. ते त्यांनी इस्पितळातच जुळवून ठेवलं होतं. झटका आला त्या सकाळी रुग्णवाहिका पत्ता चुकली होती. उज्ज्वला अनवाणी नाक्यापर्यंत धावली होती आणि रिक्षा घेऊन आली होती. तिच्याकडे बघून त्यांनी म्हणायला घेतलं, ‘तू होतीस म्हणून मी वाचलो.’ पण यंत्र नवं होतं, त्याला माईणकर माहीत नव्हते. अर्धं वाक्य त्यानं टिपलं, आणि उरलेलं लोक सहसा कसं पुरं करतात त्यावरून अदमासानं जोडून टाकलं. सगळ्यांसमोर, जेवणाच्या आग्रहाच्या सुरात, कॉलर म्हणाली, “तू होतीस म्हणून उशीर झाला.”

कुणीतरी हसलं. उज्ज्वला म्हणाली, “चहा टाकते,” आणि आत गेली.

त्याच आठवड्यात माईणकरांनी तीन शोधनं लावली. आपल्या तोंडून पुन्हा चूक छापली जाता कामा नये. ते वाक्य दुरुस्त करून म्हणायचं त्यांनी कितीदा मनात आणलं. पण दर वेळी ते आतच फिरत राही आणि ती उठून कामाला लागे. पुढे त्यांना वाटलं, ती विसरली असेल. यंत्राची गंमत म्हणून सोडून दिलं असेल.

यातलं त्यांनी पाटीवर काहीच लिहिलं नाही. लिहिलं एवढंच, ‘चुकेन म्हणून.’

“चुकाल थोडं,” पल्लवी म्हणाली. आता तिचा आवाज मऊ होता. “पण ते यंत्र आता चार वर्षं तुमच्याबरोबर राहिलंय, काका. तुम्हाला ओळखतं. तीन-तीन पहारेकरी कशाला? हे उठायचे थांबले तर ऑपरेशनची गरज नाही, मी डॉक्टरांना दाखवते. फक्त एक अडचण. तुमच्या बोलण्यातला बदल आहे, तेव्हा होकार तुम्हीच बोलून द्यायचा. नियम आहे.”

तिनं चकती पुन्हा कानामागे बसवली. माईणकरांनी होकार आत सोडला.

तिघं वाट बघत बसली. शेजारी धुलाईयंत्र घरघरत होतं. पल्लवीनं एक जांभई गिळली. उज्ज्वलानं पर्समधल्या डबीतून आवळासुपारी काढून तिला दिली, स्वतः खाल्ली, डबी पुन्हा बंद केली.

“हो,” कॉलर म्हणाली.

“एका अक्षराचं काय प्रूफ वाचतात?” उज्ज्वला म्हणाली.

पल्लवीनं तिन्ही शोधनांपुढच्या खुणा पुसल्या, चकती बंद केली आणि पुन्हा सुरू केली. एरवी सकाळी ती जागी होईपर्यंत माईणकरांचं दात घासून व्हायचं. आता कानामागे हलकी टिचकी वाजली, एवढंच.

“बोला काका काहीतरी.”

“फिनेलचा फार घाण वास येतो इथे,” माईणकर म्हणाले, आणि दचकले.

त्यांच्या लक्षात आलं, की इतकी वर्षं आपण मनात येईल ते बेधडक आत सोडत होतो, कारण पुढे पहारा होता. आता पुढे कुणीच नव्हतं.

“अगदी खरंय,” पल्लवी म्हणाली. “मी कधीपासून तक्रार करतेय. बघा, चाललं की.”

“मुली, तुझे खूप… खूप पातेलं.” ते थांबले. “उपकार.”

“पातेलंही चालेल,” पल्लवी म्हणाली.

सांगलीच्या बसमध्ये खिडकीची जागा उज्ज्वलाला मिळाली. ती भलतीच खुशीत होती. तिकिटाचे सुटे पैसे, कंडक्टरचा उर्मटपणा, पल्लवीचं लग्न झालंय की नाही, या सगळ्यावर तिला मत विचारता येत होतं आणि लगोलग उत्तर मिळत होतं. एकदा तर माईणकरांनी तिचं वाक्य मध्येच तोडलं. त्या आनंदात ती पुढचं विसरली.

विश्रामबागच्या अलीकडे बस थांबली असताना ते म्हणाले, “तू होतीस म्हणून…”

आणि थांबले. यंत्र नव्हे, तेच थांबले. चार वर्षांची भीती होती, ती एका टिचकीत कशी जाईल?

उज्ज्वला खिडकीबाहेर बघत होती. “उशीर झाला,” ती म्हणाली. “माहितीये मला.”

माईणकर तिच्याकडे वळले.

“आधी शेजारच्या कुलकर्ण्यांची गाडी मागायला हवी होती,” ती बाहेर बघतच बोलत होती. “मी रुग्णवाहिकेची वाट बघत बसले. डॉक्टर म्हणालेच होते, अर्धा तास आधी आणलं असतं तर बोलणं गेलं नसतं. तुम्ही म्हणालात ते काही खोटं नव्हतं. सगळ्यांसमोर म्हणालात, एवढंच.”

“मी नाही म्हटलं ते.” शब्द धडपडत, एकमेकांवर आदळत आले. “मी वाचलो. असं म्हणायचं होतं. तू होतीस म्हणून मी वाचलो. पुढचं त्या… त्या किटलीनं जोडलं. यंत्रानं. अनवाणी गेलीस तू. मला दिसत होतं खाली पडल्या पडल्या. तुझ्या टाचा दिसल्या पळताना. दार उघडंच होतं. तेवढंच दिसत होतं मला, आणि मला वाटलं, आता ही गेलीये म्हणजे आणेलच कुणाला तरी. उज्ज्वला, मी चार वर्षं हेच…”

पुढच्या बाकावरच्या बाईनं मागे वळून पाहिलं. कंडक्टरनंही. उज्ज्वलानं पदरानं नाक पुसलं.

“हळू बोला,” ती म्हणाली. “बस आहे ही.”

मग तिनं आपला हात त्यांच्या उजव्या, निकामी हातावर ठेवला. “चार वर्षं लागली होय तुमच्या प्रूफाला?”

“तिसऱ्यात अडकलं होतं,” माईणकर म्हणाले.

घरी पोचल्यावर हातपाय धुऊन ते टेबलाशी बसले. शब्दकोशातून अत्तारांचं पत्र काढलं, समोर ठेवलं आणि कच्चा कागद न घेता सरळ पक्क्यावरच लिहायला लागले.

‘अत्तारभाई, सलाम. उत्तराला उशीर झाला, कारण उत्तर मला आज कळलं. यंत्र बसवून घ्या. दिवाळीची वाट बघू नका. त्यातून येतं ते आपलंच बोलणं असतं, कधी किटली-पातेली मिसळून, पण आपलंच. फक्त एक सांगतो. रोज सकाळी त्याच्याबरोबर काय काय उठतं ते बघत जा. मी माझी तीन प्रूफं उठवत होतो आणि माझंच बोलणं रांगेत मागे राहत होतं. झटक्यापेक्षा वाट बघण्यानं माणूस जास्त मुका होतो. तुम्हाला असली खोड नाही, तुम्ही चूक दिसली की हसून दुरुस्त करता. माझ्या किती चुका तुम्ही झाकल्यात, त्याचे आभार मी कधी मानले नाहीत. त्या लग्नपत्रिकेच्या दिवशी मी तुमच्यासाठी कंदी पेढे आणले होते. पण द्यायचं धाडस झालं नाही, घरी येऊन आम्हीच खाल्ले. बोलू लागलात की पहिला फोन मला करा. मी लगेच उत्तर देईन. दिगंबर माईणकर.’

उज्ज्वला खांद्यावरून वाचत होती. “ते पेढे त्यांचे होते?” ती म्हणाली. मग तिचं बोट तारखेवर गेलं. “अहो, साल चुकलंय. गेल्या वर्षीचं घातलंत.”

माईणकरांनी लेखणी उचलली. साल पाहिलं. खरंच चुकलं होतं.

त्यांनी लेखणी खाली ठेवली, कागदाची घडी घातली, पाकिटात सारली आणि कड जिभेनं ओली करून चिकटवली.

“अहो, पण चूक…”

“अत्तार बघतील,” ते म्हणाले. “सुटलेलं त्यांनाच सापडतं.”

पोस्टाची लाल पेटी चौकाच्या पलीकडे, औषधाच्या दुकानाशेजारी अजून उभी होती. तिचं तोंड गंजून अरुंद झालं होतं. उज्ज्वलानं झडप वर धरली, माईणकरांनी डाव्या हातानं पाकीट आत ढकललं, आणि ते तळाशी पडल्याचा आवाज येईपर्यंत दोघं तिथेच थांबली.